सारंगखेड्याची दत्तजयंती यात्रा : पारोळ्याहून जाऊन येण्याचा रोखठोक हिशेब

पारोळ्याहून चौघांचे कुटुंब एका दिवसात सारंगखेड्याची यात्रा करून परत येणार असेल, तर अडीच हजार रुपयांत सगळे नीट होते. दर्शन, पोटभर खाणे, लेकरांचे पाळणे आणि घरात उपयोगी पडेल अशी थोडी खरेदी, सगळे त्यात बसते. तरीही दरवर्षी कितीतरी घरांचे पाच-सहा हजार उडतात. यात देवाच्या दारी जाते ते फार थोडे. घाईत ठरवलेली गाडी, भाव न विचारता घेतलेली वस्तू आणि सगळ्यात मोठ्या गर्दीचा निवडलेला दिवस, या तीन वाटांनी पैसा जातो. म्हणून पिशवी भरण्याआधी हा हिशेब एकदा घरात बसून मांडावा.

खालचे एस.टी.चे दर जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतरचे आहेत. बाकीचे भाव हिशेबासाठी धरले आहेत. निघण्याच्या आठवड्यात आपल्या गावातले भाव त्या जागी घाला. मांडणी तीच राहील.

यात्रा कसली आणि केव्हा

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर आहे. तिथला दत्त एकमुखी आहे. त्रिमूर्ती रूपातला तीन मुखांचा दत्त आपल्या ओळखीचा. महानुभाव पंथात मात्र श्रीदत्तात्रेयप्रभू पंचकृष्णांपैकी एक आणि एकमुखी मानले जातात. खानदेशात या पंथाची मुळे खोल आहेत, त्यामुळे मार्गशीर्ष पौर्णिमेला इथे जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आणि शेजारच्या गुजरात, मध्य प्रदेशातून माणसे येतात. सोबत भरतो तो देशभर नाव असलेला घोडेबाजार. अलीकडच्या वर्षांत त्याला जोडून ‘चेतक फेस्टिव्हल’ होतो. घोड्यांच्या शर्यती, नाच आणि देखणेपणाच्या स्पर्धा त्यात असतात.

  

2026 मध्ये दत्तजयंती 23 डिसेंबरला, बुधवारी आहे. यात्रा त्या दिवशी संपत नाही. पुढे आठ-पंधरा दिवस चालते. दिवस निवडताना एवढे पाहा:

- पौर्णिमेचा दिवस : नवस त्याच दिवशी फेडायचा असेल तरच जा. रांग लांब, गाडी लावायला जागा दूर आणि परतीच्या बसला झुंबड.
- 25 ते 27 डिसेंबर : नाताळची सुट्टी आणि शनिवार-रविवार जोडून आले आहेत. यंदाची सर्वांत मोठी गर्दी याच तीन दिवसांत धरून चाला.
- 28 डिसेंबरपासूनचे सोमवार ते गुरुवार : म्हातारी माणसे आणि लहान मुले सोबत असतील तर हेच दिवस. दर्शन निवांत होते आणि दुकानदार भावावर बोलायला तयार असतो.
- घोडा घ्यायचा असेल तर : पौर्णिमेच्या आधीचे दोन-तीन दिवस. जनावरे आलेली असतात आणि चांगली अजून विकली गेलेली नसतात.

जाण्यायेण्याचा खर्च

पारोळ्याहून धुळे, दोंडाईचा मार्गे सारंगखेडा अंदाजे 105 ते 110 किलोमीटर पडते. दोंडाईचा सोडले की पंधराएक किलोमीटरवर टाकरखेडा लागते, तापीचा पूल ओलांडला की समोर सारंगखेडा.

*एस.टी.ने :* साध्या बसचे भाडे 6 किलोमीटरच्या टप्प्याला 10 रुपये 5 पैसे आहे. 18 टप्पे धरले तर एका बाजूचे पूर्ण तिकीट 181 रुपयांच्या आसपास. धुळ्याला आणि दोंडाईच्याला गाडी बदलावी लागली तर टप्पे तुटतात आणि दहा-वीस रुपये वाढतात. महिलांना सगळ्या एस.टी. गाड्यांत 50 टक्के सवलत आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा असलेले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. ते घरी राहिले म्हणून पूर्ण तिकीट काढावे लागलेले आजोबा प्रत्येक यात्रेत भेटतात. यात्राकाळात महामंडळ जादा गाड्या सोडते. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे उतरल्याबरोबर विचारून घ्या, संध्याकाळी नव्हे.

*रेल्वे आणि एस.टी. मिळून :* ही वाट सर्वांत स्वस्त, आणि पारोळेकर तिचा विचार फार कमी करतात. पारोळा ते अमळनेर एस.टी.ने 20 किलोमीटर, म्हणजे 40 रुपये. अमळनेर ते दोंडाईचा सुरत-भुसावळ मार्गावर साधारण 55 किलोमीटर. पॅसेंजर मिळाली तर पंधरा-वीस, एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात पस्तीस-चाळीस रुपये. दोंडाईच्याहून सारंगखेडा एस.टी.ने 30 रुपये. एका बाजूला पुरुषाला एकूण 110 च्या आत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे आणि महिलांना निम्मे तिकीट नाही. घरात पुरुष अधिक असतील तर रेल्वे परवडते. बायका आणि 75 पुढचे ज्येष्ठ अधिक असतील तर बसच बरी, कारण फरक थोडा उरतो आणि सामान घेऊन चढउतार वाढते.

*भाड्याची गाडी :* दहा जणांची क्रुझर करायची असेल तर जाऊन-येऊन 220 किलोमीटर धरा. किलोमीटरला 16 रुपये ठरले तर 3,520 रुपये. चालकाचे जेवण, पार्किंग, टोल मिळून आणखी 400. माणशी साधारण 390 रुपये. याच दहांत पाच बायका असतील तर एस.टी.ने सगळ्यांचे मिळून साधारण 2,715 रुपये होतात. म्हणजे गाडीचे बाराशे अधिक जातात. त्या बदल्यात दारातून दारात जाता येते आणि रात्रीचा कार्यक्रम पाहून निघता येते. म्हातारी माणसे असतील तर हे बाराशे सार्थकी लागतात.

गाडी ठरवताना चार गोष्टी तोंडी नको, मोबाइलवर लिहून घ्या : किमान किलोमीटर किती धरणार (300 ची अट असेल तर तुमचे 3,520 चे 4,800 होतात), टोल कुणाचा, रात्री दहानंतर थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि परवाना प्रवासी वाहतुकीचा आहे का. खासगी नंबरची गाडी स्वस्त मिळते, पण अपघात झाल्यास विमा नाकारला जाऊ शकतो.

*घरची गाडी :* पेट्रोल 105 रुपये लिटर आणि गाडी लिटरला 15 किलोमीटर धरली तर 1,540 रुपये. पाच जण बसले तर माणशी साधारण 310. महामार्गावर टोल असेल तिथे चालू फास्टॅग हवा. तो नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल द्यावा लागतो.

*मंडळ किंवा भजनी मंडळी :* चाळीस-पन्नास जण असाल तर अमळनेर किंवा एरंडोल आगारात ‘प्रासंगिक करारा’ची चौकशी करा. पूर्ण बस आपली होते आणि विम्याची काळजी राहत नाही.

दर्शन, नवस आणि तुला

रांगेत उभे राहून दत्तप्रभूंचे दर्शन घ्यायला एक रुपयाही लागत नाही. नारळ, फुले, प्रसाद यांना 100 ते 150 रुपये पुरतात. नारळ आपल्या गावच्या वाण्याकडून नेला तर आणखी कमी.

खरा हिशेब करावा लागतो तो तुलेचा. मूल झाले, दुखणे बरे झाले की नवस फेडायला इथे माणसाची तुला करतात. गूळ, खोबरे, केळी, रेवडी, जे बोललेले असेल त्याने. खर्च वजनावर ठरतो, म्हणून घरीच काट्यावर वजन करून घ्या. 12 किलोच्या बाळाची गुळाने तुला, गूळ 55 रुपये किलो धरला तर 660 रुपये. तीच खोबऱ्याने म्हटली तर कैकपट. 60 किलोच्या माणसाची गुळाची तुला 3,300 पर्यंत जाते. गूळ पारोळ्यातून घाऊक भावाने नेला तर किलोमागे काही रुपये वाचतात, पण 12 किलोपर्यंतच. साठ किलो गूळ घेऊन गाड्या बदलण्यात शहाणपण नाही. तो तिथेच घ्यावा, आणि काट्यावर चढवताना आपल्या डोळ्यांदेखत मोजून घ्यावा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. नवस बोलताना कर्ज काढावे लागेल असे काही बोलू नका, आणि बोलला असाल तर परिस्थिती येईपर्यंत थांबा. नवसासाठी सावकाराकडे दागिना ठेवणे कोणत्याच पंथाने सांगितलेले नाही.

खाणे : शिदोरी न्या, जिलेबी तिथे खा

डिसेंबर म्हणजे भरिताचा महिना. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ती आपल्या बाजारात याच दिवसांत सर्वांत चांगली आणि स्वस्त असतात. चौघांसाठी कळण्याच्या किंवा बाजरीच्या भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी असे बांधून नेले तर दोनशे रुपयांत पोटभर जेवण होते. थंडीत भरीत दुपारपर्यंत टिकते. मात्र दही घातलेले काही नेऊ नका.

यात्रेत शेवभाजी-भाकरीचे ताट 120 ते 150 रुपये धरले तर चौघांचे एका वेळचे पाच-सहाशे. म्हणून जेवण घरचे आणि चव यात्रेची, हा मेळ उत्तम. गरम गुळाची जिलेबी, रेवड्या, गोडीशेव हे तिथेच घ्यावे. पाव किलोचा भाव विचारून मगच पुड्यात भरायला सांगा. नुसते ‘द्या’ म्हटले की पुडा अर्ध्या किलोचा होतो. उघड्यावरचे पाणी टाळा. बाटलीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही अधिक मागता येत नाही, यात्रा असली तरी.

मुक्काम

पारोळेकरांना मुक्कामाची गरज नाही. सकाळी सहाला निघाले तर रात्री नऊपर्यंत घरी येता येते. रात्रीची घोड्यांची स्पर्धा किंवा तमाशा पाहायचा असेल तर तीन वाटा आहेत. ओळखीच्या घरी, ही पहिली. खानदेशात शहादा-दोंडाईच्याकडे सोयरीक नाही असे घर विरळ. दुसरी, शहादा किंवा दोंडाईचा येथील लॉज. पौर्णिमेच्या आणि नाताळच्या रात्रींसाठी आठ दिवस आधी फोन करून भाव ठरवा. तिसरी, फेस्टिव्हलचे तंबू. ती हौसेची गोष्ट आहे, काटकसरीची नव्हे.

मुक्काम झालाच तर दुसऱ्या दिवशी प्रकाशा करून यावे. तापी आणि गोमाईच्या संगमावरचे हे गाव शहाद्याजवळच आहे, आणि दक्षिण काशी म्हणून त्याला मान आहे. दोन तीर्थे एका भाड्यात होतात. रात्री तापीकाठी थंडी बोचते. लेकरांना कानटोपी आणि म्हाताऱ्यांना घोंगडी घरूनच न्या, नाहीतर तिथे घाईत घ्यावी लागेल.

खरेदी : काय तिथे घ्यावे, काय पारोळ्यात

यात्रेतला माल दोन प्रकारचा. एक, जो बनवणारा स्वतः विकतो : विळे, कुऱ्हाडी, खुरपी, लोखंडी तवे आणि कढया, घोंगड्या, बैलांच्या झुली, घुंगुरमाळा, गोंडे, मोरखी, कासरे, घोड्यांसाठी लगाम, खोगीर, तंग, रिकिबी. हा माल तिथेच घ्यावा. पर्याय खूप, आणि पैसा कारागिराच्या हातात पडतो. दुसरा, शहरातून ट्रकने आलेला : प्लास्टिक, खेळणी, स्वस्त चपला, नावाशी नाव जुळवलेले ‘ब्रँडेड’ कपडे. हाच माल पारोळ्याच्या बाजारात त्याच भावाने मिळतो, आणि बिघडला तर परत द्यायला दुकान समोर असते.

लोखंडी अवजार घेताना धार पाहू नका, ती कुणीही लावून देतो. पाते दगडावर हलके आपटून आवाज ऐका. खणखणीत वाजले तर पाणी नीट दिलेले आहे, बद्द वाजले तर ठेवून द्या. घोंगडी उन्हात धरून पाहा आणि एक धागा ओढून जाळा. लोकरीचा धागा केसासारखा वास देतो व त्याची राख चुरते, कृत्रिम धागा वितळून गोळी होते.

भाव करताना एक मर्यादा पाळावी. हजाराच्या झुलीवर शंभर-दीडशे कमी करून घेणे हा बाजार आहे. रात्रभर थंडीत दुकान राखणाऱ्या लोहाराच्या दीडशेच्या विळ्यावर पन्नास कापणे हा अन्याय आहे.

लेकरांच्या पाळण्यांसाठी आधीच रक्कम ठरवून ती त्यांच्याच हातात द्या. दोनशे रुपये दिले आणि ‘यात काय ते बघा’ म्हटले की मुले आपोआप हिशेब शिकतात.

घोडा घ्यायचा असेल तर

पारोळा तालुक्यातून दरवर्षी काही जण या एकाच कामासाठी जातात. कुणी वरातीच्या धंद्यासाठी, कुणी शर्यतीच्या नादाने, कुणी दारात घोडा असावा या हौसेने. हा भाग त्यांच्यासाठी सविस्तर.

राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरातचे व्यापारी इथे येतात. मारवाडी, काठियावाडी आणि पंजाबकडचे पांढरे नुकरे असे प्रकार दिसतात. किंमत काही दहा हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत. वर्तमानपत्रांत कोटीचे घोडे छापून येतात, पण ते पाहायचे असतात. बाजाराची चाल समजून घ्या : कार्तिकात पुष्कर आणि अकलूज, मार्गशीर्षात सारंगखेडा, आणि लगेच पुढे मार्गशीर्ष वद्यात नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा. ज्याला माळेगावला जायचे आहे तो व्यापारी सुरुवातीला भाव सोडत नाही. माळेगाव जवळ येऊ लागले की तो नरमतो, पण तोवर चांगली जनावरे गेलेली असतात. उत्तम घोडा हवा तर आधी जा, स्वस्त हवा तर शेवटी. दोन्ही एकदम मिळत नाही.

*किंमत कशाची देता आहात?* देवमण, पंचकल्याणी, कपाळावरचा भोवरा यांच्या नावाने भाव दीडपट-दुप्पट होतो. चार पाय आणि तोंड पांढरे असले की घोडा देखणा दिसतो हे खरे, पण भोवऱ्याने तो पळत नाही. पैसे पायांचे, दातांचे आणि स्वभावाचे द्या.

- वय : पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीने बदलतात, पाचव्या वर्षी तोंड भरते. ‘तीन वर्षांचा’ म्हणून दाखवलेल्या घोड्याचे तोंड भरलेले असेल तर बोलणे तिथेच थांबवा.
- पाय : खोगीर काढून, कडक जमिनीवर आधी चालवून, मग दुडक्या चालीने पळवून पाहा. डावीकडे आणि उजवीकडे दोन्हीकडे वळवा. मऊ वाळूत लंगडणे लपते.
- स्वभाव : चारही पाय उचलू देतो का, गर्दीत आणि बँडच्या आवाजात बिथरतो का. वरातीच्या घोड्याला दुसरे सगळे माफ, हे नाही.
- वेळ : सकाळी लवकर, तेल-मालिश आणि सजावट होण्याआधी जा. अंगावरच्या गाठी, जखमांचे व्रण तेव्हाच दिसतात.

*आजार :* ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा आजार माणसालाही होतो. नाकातून घट्ट स्राव, जबड्याखाली सुजलेल्या गाठी, पायांवर फुटणारे फोड ही लक्षणे. पण लागण असूनही काही जनावरे धडधाकट दिसतात, म्हणून रक्ताची तपासणी हाच पुरावा. 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार हा अधिसूचित रोग आहे. अहवाल सकारात्मक आला तर जनावर दयामरण देऊन संपवावे लागते. विक्रेत्याकडे तपासणीचा अहवाल मागा, त्यावरचे घोड्याचे वर्णन समोरच्या घोड्याशी ताडून पाहा, आणि अहवाल नसेल तर सौदा थांबवा. पशुसंवर्धन विभागाचे डॉक्टर यात्रेत असतात. त्यांच्याकडून आरोग्याचा दाखला घ्या. वाहनातून जनावर नेताना तो लागतोच.

*कागद :* बाजाराची खरेदी-विक्री पावती हवीच. तिच्यावर विक्रेत्याचे नाव-पत्ता, घोड्याचा रंग, खुणा, वय आणि पूर्ण रक्कम लिहिलेली असावी. दलालाची दलाली किती आणि कोण देणार हे रुमालाखाली बोटे जुळण्याआधी ठरवा. मोठी रक्कम बँकेतून द्या. यात्रेत लाख रुपये कमरेला बांधून फिरू नका.

*खरा खर्च पुढे आहे.* साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो कोरडे खाद्य लागते. दादरचा कडबा, थोडा हिरवा घास मिळून 70 रुपये आणि हरभरा-कोंड्याचा खुराक 110 रुपये धरला तर रोजचे 180, महिन्याचे 5,400, वर्षाचे जवळजवळ 65,000. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळणे आणि नाल, धनुर्वाताची लस, जंताचे औषध धरले की वर्ष सत्तर हजारांच्या घरात जाते. घरचा कडबा असेल तर यात बरीच बचत होते; नसेल तर 40,000 चा घोडा पहिल्याच वर्षी त्याच्या किमतीपेक्षा अधिक खातो. पहिल्या महिन्याचा खर्च असा : पिकअपचे 220 किलोमीटरचे भाडे 4,000, चारा-खुराक 5,400, साधे लगाम-खोगीर 3,000, डॉक्टर आणि लस 1,000. घोड्याच्या किमतीखेरीज 13,400 रुपये हाताशी नसतील तर यंदा फक्त पाहून या.

वरातीच्या धंद्याचे गणित करताना वर्षातल्या लग्नतिथी मोजा. त्या थोड्या असतात, आणि घोडा 365 दिवस खातो.

चौघांचे एका दिवसाचे अंदाजपत्रक

घरचा कर्ता, पत्नी, आठ वर्षांचे मूल आणि 76 वर्षांची आजी, एस.टी.ने :

- तिकिटे जाऊन-येऊन : कर्ता 362, पत्नी 181, मूल 181, आजी मोफत. एकूण 724
- शिदोरी 200, चहा-जिलेबी-रेवडी 200. एकूण 400
- नारळ, फुले, प्रसाद : 150
- मुलाचे पाळणे : 200
- खरेदी : 700
- अडीअडचणीला : 300

बेरीज 2,474 रुपये. तुला असेल तर ती वेगळी.

पैसे तीन ठिकाणी वाटून ठेवा आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटा बऱ्यापैकी न्या. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क अडकते आणि यूपीआय चालत नाही. मुलांच्या खिशात नाव आणि दोन मोबाइल नंबरांची चिठ्ठी घाला. सारंगखेड्याच्या बॅरेजमुळे तापीचे पाणी तुंबून खोल आहे. पुण्य म्हणून पाण्यात उतरू नका, हातपाय धुवायचेही काठावर नीट पाहून.

अडचण आली तर

- छापील किमतीपेक्षा अधिक घेतले, वजनात फसवले : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. दुकानाचा फोटो आणि पावती जपून ठेवा.
- जनावर आजारी पडले : पशुवैद्यकीय सेवेचा क्रमांक 1962.
- माणूस आजारी किंवा अपघात : 108.
- मूल हरवले, चोरी, मारहाण : 112, आणि यात्रेतली पोलीस चौकी. पोहोचल्याबरोबर ती कुठे आहे ते घरच्या सगळ्यांना दाखवा आणि चुकामूक झाली तर तिथेच भेटायचे ठरवा.

पारोळ्याची बालाजी महाराजांची यात्रा आपण जशी आपली मानतो, तशीच सारंगखेड्याची यात्राही साऱ्या खानदेशाची आहे. ती श्रीमंतांसाठी कधीच नव्हती आणि आजही नाही. हिशेब आधी मांडला तर मजुराच्या घरालाही परवडते. म्हणून या डिसेंबरात जरूर जा, घरातल्या 75 पुढच्या आजी-आजोबांना आवर्जून न्या. त्यांचे तिकीट लागत नाही.